सैल थवा

निऑन टेट्रा हा मासा कुणी एकटा विकत घेत नाही. घेऊ नये असा काही कायदा नाही, आणि पैसे मोजल्यावर दुकानदार काहीही देईलच. पण 'एकच द्या' म्हटल्यावर तो आपल्याकडे अशा नजरेने बघतो, जणू आपण जोडातली फक्त डाव्या पायाची चप्पल मागितली आहे. "सहा तरी न्या," तो म्हणतो. "दहा नेलेत तर बरं. एकटा ठेवलात तर खाणं सोडतो, कोपरा धरून बसतो." हे सांगणारा माणूस एरवी अगदी कोरडा. पंपाची गॅरंटी विचारली तर छताकडे बघतो, वाळूचा भाव कमी करायला सांगितला तर त्याला ऐकूच येत नाही. पण या दीड इंची जिवाच्या एकटेपणाविषयी बोलताना त्याच्या आवाजात वधूपित्याचं काहीतरी येतं. पोर भरल्या घरात वाढलेली आहे, तिला माणसांची सवय आहे, सांभाळून घ्या, अशा सुरात तो पिशवीच्या तोंडाला रबरबँड गुंडाळतो.

मला याची गंमत वाटत आली आहे. ज्या घरात हे मासे आले ते घर साडेपाचशे चौरस फुटांचं, त्यात तेव्हा माणसं तीन, आणि त्यातली दोन दिवसभर बाहेर. एकत्र कुटुंबातून आम्ही बाहेर पडलो त्यालाही आता जमाना लोटला. काही नोकरीच्या निमित्ताने पडले, काही सामाईक आंब्याच्या कलमांवरून, आणि काही नुसतेच, गळक्या नळातून थेंब पडत राहावेत तसे. आणि आता डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर, टीव्हीच्या शेजारी, दोन फुटी काचेच्या पेटीत आम्ही एक अख्खं एकत्र कुटुंब आणून ठेवलं आहे. त्याला वेळेवर खायला घालतो, त्याच्या पाण्याची काळजी वाहतो, आणि संध्याकाळी खुर्ची ओढून त्याच्यासमोर, नातेवाइकांकडे आल्यासारखे, काही न बोलता बसतो.

दिसायला हा मासा म्हणजे एक लहानसा निष्काळजीपणा आहे. ज्या पाण्यात आपल्याला खाणारे शंभर जण फिरतात, तिथे इतकं चमकून कुणी राहतं का? डोळ्यापासून निघून पाठीच्या कडेने जाणारी निळी रेघ, आणि खाली पोटाच्या मध्यावर सुरू होऊन शेपटीपर्यंत गेलेला लाल पट्टा. त्यातली निळी रेघ हा रंगच नव्हे. कातडीच्या पेशींत ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या अतिसूक्ष्म चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रकाश त्यांच्यावरून उसळून निळा होऊन बाहेर येतो. म्हणजे सगळा उजेडाचा खेळ. माशाकडे स्वतःचा निळा असा काही नाही. १९३६ साली जॉर्ज मायर्स या शास्त्रज्ञाने त्याची रीतसर नोंद केली आणि फिलाडेल्फियात माशांचं मासिक चालवणाऱ्या विल्यम इनेस यांचं नाव त्याला दिलं. तेव्हापासून जगभरच्या काचेच्या पेट्यांतले हे असंख्य मासे इनेससाहेबांचं नाव लावून फिरतात, आणि त्यांतल्या एकालाही त्याचं ओझं झालेलं दिसत नाही. याच्या चुलतभावाच्या, म्हणजे कार्डिनल टेट्राच्या, बारशाला मात्र भाऊबंदकी झाली. दोन वेगळ्या पक्षांनी दोन वेगळी नावं छापली, एकाने २० फेब्रुवारी १९५६ ला आणि दुसऱ्याने २१ फेब्रुवारीला. एका दिवसाने आधी आलेलं नाव टिकलं. सामाईक जमिनीचे सातबारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वाचून परकं वाटायचं कारण नाही.

निऑनचं मूळ गाव अॅमेझॉनच्या वरच्या अंगाला. पेरू, कोलंबिया आणि ब्राझील जिथे एकमेकांना खेटून आहेत तिकडे. रानातल्या ओढ्यांत पानं कुजून पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं असतं, वरून झाडांची सावली, आणि त्या अंधुक उजेडात ही निळी रेघ नेमकी कामाला येते. म्हणजे भाऊबंदांना आपण कुठे आहोत हे कळतं. पण दुकानात मिळणारे बहुतेक निऑन आग्नेय आशियातल्या शेततळ्यांत आणि टाक्यांत जन्मलेले असतात. मूळ गाव अॅमेझॉन, जन्म पूर्वेकडे कुठेतरी, हल्ली मुक्काम डोंबिवली. माझ्या मुलाला कुणी गाव विचारलं की तो सराईतपणे "सिंधुदुर्ग" म्हणतो आणि पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून मोबाइलमध्ये बघतो. तो गावी गेला तो बहुधा कुणाच्यातरी खांद्यावरून. म्हणून पेटीसमोर बसलेला तो आणि पेटीतले ते यांच्यात मला कधी कधी एक मूक समजूत दिसते.

माशांच्या आधी पाणी पाळावं लागतं, हे कुणी आधी सांगत नाही. नळाचं पाणी बादल्यांत भरून ठेवायचं, त्यातलं क्लोरीन उडून जाऊ द्यायचं किंवा थेंब टाकून मारायचं. मग टाकीत वाळू, झाडं, फिल्टर, आणि एवढं करून मासा नाहीच. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. त्याचं नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे, आणि त्या नायट्राइटचं, तेही विषारीच, बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे आणखी वेगळे. ही दोन खाती सुरू होऊन त्यांचे कागद एकमेकांकडे फिरू लागायला महिना-दीड महिना जातो. तेवढे दिवस आमच्या दिवाणखान्यात दिवा लावलेली, बुडबुडे येणारी, पूर्ण रिकामी टाकी होती. शेजारचे आजोबा रोज येऊन चष्मा पुसून तिच्यात बघत. "मासे कुठायत?" "अजून पाणी तयार व्हायचंय." "अच्छा," म्हणून ते आणखी थोडा वेळ बघत बसत. माझ्या आठवणीत त्या टाकीकडे इतक्या आदराने नंतर कुणी पाहिलं नाही.

मासे आणले कुर्ल्याहून. स्टेशनजवळ माशांच्या दुकानांची जी दाटी आहे तिथून, आणि संध्याकाळच्या कल्याण लोकलने. पिशवीत तळाला थोडं पाणी, वर गच्च भरलेला ऑक्सिजन, आणि त्या फुगलेल्या पारदर्शक उशीत तळाशी थरथरणारी निळी-तांबडी शाई. ज्या डब्यात माणसाला छाती पूर्ण फुगवून श्वास घेता येत नाही, तिथे त्या पिशवीभोवती आपोआप वीतभर जागा तयार झाली. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. खांदे तेवढे मागे सरले. मग मुंबईच्या प्रत्येक डब्यात एकतरी असतोच असा तो गृहस्थ बोलला, ज्याने पूर्वी मासे पाळले होते. "निऑन ना? पिशवी आधी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा. आतलं आणि बाहेरचं पाणी एकाच तापमानाला येऊ द्या. घाई नको." मुंब्र्याच्या पुढे त्याने पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावर बोलायला घेतलं, तेव्हा दारात लटकलेल्या दोघांनीही मान आत वळवून ऐकलं. उतरताना तो मला नव्हे, पिशवीला "चला" म्हणाला.

थव्याने पोहणं म्हणजे नक्की काय, यावर शहाण्या माणसांनी पुष्कळ डोकं चालवलं आहे. १९८७ साली क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकन संगणकवाल्याने पडद्यावर खोटे पक्षी उडवून दाखवले. त्यांना त्याने फक्त तीन नियम दिले होते. शेजाऱ्याला धडकू नका. शेजारी ज्या दिशेने जातात त्या दिशेने जा. शेजाऱ्यांच्या मधोमध राहा. एवढ्यावर थवा जिवंत झाला, वळला, फुटला, पुन्हा जुळला. पुढारी नाही, बैठक नाही, ठराव नाही. हेच तंत्र पुढे हॉलिवूडच्या बॅटमॅनपटात वटवाघळं उडवायला वापरलं गेलं. आम्ही दादरच्या पुलावर संध्याकाळी पहिला नियम सोडून उरलेले दोन्ही पाळतो, तेव्हा हे समजायला मला फार त्रास झाला नाही. माशांना आमच्यापेक्षा एक सोय जास्त आहे. त्यांच्या दोन्ही कुशींवरून संवेदनेची एक रेघ गेलेली असते आणि शेजाऱ्याच्या हालचालीने पाण्यावर येणारा दाब त्या रेघेला कळतो. म्हणजे शेजारी वळला हे दिसण्याबरोबर अंगालाही लागतं.

मोजणं ही या छंदातली एक स्वतंत्र साधना आहे. दहा आहेत हे माहीत असतं. तरी रोज संध्याकाळी मोजावे लागतात, कारण दहाच आहेत याची खात्री रात्री झोपू देते. एक, दोन, तीन, चारपर्यंत सगळे सभ्यपणे रांगेत असतात; पाचव्याला सहावा भेटतो; सातवा लाकडामागे जातो आणि तिथून बाहेर येतो तो सातवा की आधीचा दुसरा, हे ओळखायला त्याच्याकडे काहीही खूण नाही. नाव ठेवून पाहिलं. ज्याच्या शेपटीला जराशी खोच पडली होती त्याला मुलाने 'पोपट' म्हणायला सुरुवात केली. आठवड्याभरात खोच भरून आली आणि पोपट समाजात विलीन झाला. कुत्र्यावर प्रेम करायचं तर त्याला तोंड असतं, मांजराला निदान पाठ फिरवण्याची एक शैली असते. इथे प्रेम कुणावर करायचं हे ठरत नाही. ते सगळ्यांवर मिळून, उधारीच्या वहीत नाव न घालता करावं लागतं. बायकोने याला "गृहनिर्माण संस्थेवर प्रेम" म्हटलं, आणि ती आमच्या सोसायटीची सचिव असल्याने त्यातला कडवटपणा मी सोडून दिला.

पण खरी गंमत नंतर सुरू झाली. पहिले काही दिवस थवा चित्रात असतो तसा होता. एका तोंडाने फिरणारा, वळताना एकदम चकाकणारा. कुणीतरी निळ्या शाईने मोडीत सही करून ती पुन्हा पुसावी तसा. आणि मग तो हळूहळू सैल व्हायला लागला. दोघं फिल्टरच्या धारेत उगीच रेंगाळताहेत, एक झाडाच्या पानाखाली स्थिर, तिघं तळाशी काही नसलेलं शोधताहेत, एकाची वाळूतल्या पांढऱ्या खड्याशी काही खासगी बोलणी चाललीत. कामाची बाई कोळिष्टकं काढायला लांब दांड्याचा झाडू घेऊन आली, की क्षणात सगळे एका मुठीत. ती गेली की मूठ उघडली.

पाहुण्यांचा यात फार विरस होतो. "हे एकत्र पोहत नाहीत का?" त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं. मग कुणीतरी अंगठीने काचेवर टकटक करतं, मासे घाबरून एकमेकांना बिलगतात, लखकन एका दिशेने वळतात, आणि खोलीत "वा!" होतं. त्या "वा"च्या वेळी मला कुठे बघावं कळत नाही.

वाचत गेलो तेव्हा जे कळलं ते मी अजून पाहुण्यांना सांगितलेलं नाही. थवा घट्ट होतो तो भीतीने. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली यावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने एक काल्पनिक गोल तळं घेतलं, काठावर बेडूक बसवले आणि पाण्यात एक साप ठेवला. साप वर येईल आणि जवळचा बेडूक उचलेल, एवढं ठरलेलं. मग प्रत्येक बेडूक काय करील? दोन बेडकांच्या मधली फट शोधून तिथे उडी मारील. त्यामुळे ज्यांच्या मध्ये तो गेला त्यातला एखादा कडेला पडेल. मग तो दुसऱ्यांच्या मध्ये. थोड्या वेळात सगळे बेडूक एका ढिगात. यात प्रेम नाही, एकी नाही; आपल्या आणि सापाच्या मध्ये दुसरं कुणीतरी असावं इतकीच प्रत्येकाची इच्छा आहे. आपण ज्याला समूहाचं लावण्य म्हणतो, ती एकमेकांमागे लपण्याची शर्यत आहे. त्या पाहुण्यांच्या "वा!"चं हे असं आहे.

आणि याची उलट बाजू त्रिनिदाद बेटावरच्या गप्पी माशांनी दाखवून दिली. गप्पी म्हणजे तेच, जे आपल्याकडे पालिकावाले डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत आणि हौदांत सोडतात. तिथल्या डोंगरातल्या ओढ्यांवर धबधबे आहेत. मोठे खाऊ मासे धबधबा चढून वर जाऊ शकत नाहीत. धबधब्याखालचे गप्पी घट्ट थव्याने राहतात. वरचे, तीच जात, तोच ओढा, विखरून, आपापले. म्हणजे चांगल्या टाकीची खूण काय, तर जिच्यात थवा मोडून पडलेला आहे ती. ज्या दृश्यासाठी आपण पैसे मोजून मासे आणले, ते दृश्य आपण जितकं नीट पाळू तितकं नाहीसं होत जातं. असा छंद ज्या देवाने काढला त्याला विनोद कळत असला पाहिजे.

दुकानदाराकडे मात्र यावर उपाय होता. खाद्य आणायला गेलो तेव्हा सहज बोलून गेलो, की हल्ली ते एकत्र पोहत नाहीत. "एक एंजल सोडा," तो म्हणाला. एंजल म्हणजे शिडासारखे पर असलेला, चापट, संथ, सुंदर मासा. त्याचंही मूळ गाव अॅमेझॉनच. "बघा कसे एकत्र राहतात."

"पण तो यांना खातो ना?"

"लहान आहे तोवर नाही खात."

"आणि मोठा झाल्यावर?"

"तोवर सवय होते ना."

"कुणाला?"

त्याने छताकडे पाहिलं. मी फक्त खाद्य घेऊन निघालो.

लहानपणी मासे भेटले ते व्हाळात. घराच्या मागे, माडांच्या पलीकडे उतरून गेलं की घोट्याएवढं पाणी, खाली गुळगुळीत दगड, आणि अंगठ्याएवढे मासे. पाय न हलवता उभं राहिलं तर पोटऱ्यांना हळूच टोचायला यायचे, गुदगुल्या व्हायच्या, आणि हसू दाबताना हललो की पाणी रिकामं. मी आणि चुलतभाऊ पंचाची चार टोकं धरून तो पाण्याखाली पसरत असू. पंचावरून मासे जाताना स्पष्ट दिसायचे, त्यांच्या सावल्यासुद्धा कापडावर पडायच्या. पण उचलल्यावर पंचात फक्त पाणी, आणि तेही गळून जाणारं. एकदाच कसे कोण जाणे, पाच-सहा आले. हॉर्लिक्सच्या बाटलीत घालून आम्ही ते मिरवत माजघरात नेले. आजीने बाटली उजेडाकडे धरली, वळवून वळवून पाहिली. "ह्येंचा काय करतलंस रे?" तिने विचारलं. तिला खरंच प्रश्न पडला होता. मासा म्हटल्यावर तिच्या डोक्यात सोलांच्या आगळापर्यंतचा सगळा रस्ता तयार असे, आणि हे मासे त्या रस्त्यावर कुठेच बसत नव्हते. संध्याकाळी तिनेच ते व्हाळात सोडून यायला लावलं. "आवस सोदीत आसतली," म्हणाली; आवस म्हणजे त्यांची आई. सुरमईच्या तुकडीला मीठ चोळतानाही तिचा हात इतका हळू मी पाहिला नव्हता.

आता तो व्हाळ आहे, चुलतभाऊ आहे, आमचं बोलणं नाही. कलमांची वाटणी हे कारण; तपशिलात जाण्यासारखं नाही आणि कुणी गेलं तर दोन्ही बाजूंनी खरं निघेल. बाकीचे आम्ही भावंडंही अशीच पांगलेली. ताई नाशिकला, धाकटा बडोद्याला, एक मस्कतला. मोबाइलवर 'आपले घर' नावाचा एक गट आहे. त्यावर सकाळी एक फूल येतं आणि त्याला दोन हात जोडले जातात.

बाबांच्या बायपासच्या वेळी सगळे आले होते. मस्कतचा रात्रीच्या विमानाने, चुलतभाऊ गावाहून, कुणी कळवलं कोण जाणे. ऑपरेशन चालू असताना आम्ही त्या लांब बोळात उभे होतो. खुर्च्या होत्या, पण बसलं कुणी नाही. दार उघडलं की सगळ्यांची तोंडं एकदम तिकडे वळत. नर्स नुसतीच औषधाची ट्रॉली घेऊन पुढे गेली की सगळी एकदम परत. दुपारी एकाच डब्यातली पोळीभाजी सगळ्यांनी उभ्यानेच खाल्ली. चुलतभावाने चहाचे कागदी पेले आणले आणि मला दिलेल्यात साखर कमी होती. म्हणजे त्याच्या ते लक्षात होतं. त्या दिवशी कुणी लांबून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय कुटुंब आहे!

बाबा शुद्धीवर आले, दोन दिवसांनी खोलीत आणले. डोळे उघडून त्यांनी पलंगाभोवतीची सगळी माणसं, एकेक करून, सावकाश पाहिली. मस्कतच्याकडे जरा जास्त वेळ. मग म्हणाले, "असे सगळे एकदम येऊ नका रे. भीती वाटते."

घरी आल्यावर पंधरवड्यात सगळे आपापल्या दिशेने गेले. गटावर आधी दर तासाला विचारपूस, मग रोज, मग पुन्हा सकाळचं फूल. मला तेव्हा ते टोचलं होतं. बाबा मात्र तब्येत सुधारत गेली तसे त्या फुलाला हात जोडणाऱ्यांत सामील झाले आणि त्यांना त्यात काही कमी आहे असं वाटल्याचं दिसलं नाही. सध्या आमच्याकडेच असतात. मासे बघतात. त्यांच्या मते टाकीत एकच मासा आहे आणि बाकीचे काचेतले भास.

रात्री दिवा बंद केल्यावर निऑन आपला निळा उतरवून ठेवतात. उजेड गेला की त्या चकत्यांची मांडणी बदलते, रेघ आधी जांभळट आणि मग मातकट होते, लालही फिका पडतो. नवशिके लोक मध्यरात्री पाणी प्यायला उठतात, टाकीचा दिवा लावतात आणि पांढुरके पडलेले मासे पाहून घाबरतात. काही झालेलं नसतं. सकाळी थोड्या वेळात रंग परत येतो. पण त्या वेळी ते थव्यात नसतात, हे मी बॅटरीचा झोत भिंतीवर पाडून, त्याच्या उरल्यासुरल्या उजेडात पाहिलं आहे. प्रत्येक जण वेगळ्या उंचीवर, वेगळ्या पानाशी, जवळजवळ न हलता. दिवसभर ज्यांना एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही, ते रात्री एकेकटे सुटे सापडतात. त्यामुळे मोजायची खरी वेळ ती. पहिल्यांदा मोजले तेव्हा अकरा भरले. पुन्हा मोजले. अकराच. पावतीवर दहा होते. त्या कोरड्या माणसाने, पंपाची गॅरंटी न देणाऱ्याने, भाजीवर कोथिंबीर टाकावी तसा वर एक टाकला होता आणि त्याचा उच्चारही केला नव्हता. बायकोचं म्हणणं, त्याने मोजताना चूक केली असेल. तिला सोसायटीचे हिशेब बघायची सवय आहे. मी वाद घातला नाही.

परवा रविवारी भर दुपारी ताईचा फोन आला. रविवारी दुपारी ती झोपते हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे उचलल्या उचलल्या माझ्या तोंडून निघालं, "काय झालं?"

"काय व्हायचंय? सहज केला."

"सहज म्हणजे?"

"अरे, सहज म्हणजे सहज. झोप येईना."

तरी थोडा वेळ आम्ही एकमेकांना चाचपत राहिलो. तिला वाटत होतं बाबांचं काहीतरी मी लपवतोय, मला वाटत होतं तिचं स्वतःचं काहीतरी आहे. बाबांच्या गोळ्या, तिचे गुडघे, मस्कतच्याची बढती, सगळं तपासून झालं. कुठेच काही सापडेना, तेव्हा दोघंही जरा ओशाळलो. मग तिने विचारलं, "मासे कसे आहेत?" तिला मी धबधब्यापासून सगळं सांगून ठेवलेलं आहे.

मी मान वळवून पाहिलं. "एक फिल्टरपाशी आहे. दोन-तीन झाडात. एक काचेला नाक लावून बाबांकडे बघतोय. बाकीचे दिसत नाहीत."

"म्हणजे बरे आहेत," ती म्हणाली. "तू कधी येतोयस?"

"बघू, काही निमित्त निघालं की."

"निमित्त कशाला हवं? कल्याणहून तपोवन पकड, दहाच्या सुमारास नाशिकरोड. आणि येताना त्या डोंबिवलीच्या दुकानातला चिवडा आण. पातळ पोह्यांचा, भाजक्या नको."